बॅकअप सर्व्हर डोमेनमध्ये, आवृत्ती जुनी, आणि वेंडर म्हणतो ‘नेटवर्क आतलेच आहे’: आधी काय करावे?

साचेवाला (प्रश्न):

नमस्कार. मी शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीत संगणकाचे सगळे काम पाहतो. आमच्याकडे व्हीएमवेअरचे दोन होस्ट आहेत. त्यांवर ईआरपी, डोमेन कंट्रोलर (डोमेन म्हणजे कंपनीतील सर्वांची लॉगिन खाती एकत्र सांभाळणारी व्यवस्था), पॅटर्नच्या ड्रॉइंगचा फाइल सर्व्हर आणि प्रयोगशाळेतील स्पेक्ट्रोमीटरचा डेटाबेस असे व्हर्च्युअल सर्व्हर चालतात. प्रत्येक हीटचा, म्हणजे भट्टीत एका वेळी वितळवलेल्या धातूचा, रासायनिक अहवाल आम्हाला वर्षानुवर्षे जपून ठेवावा लागतो, कारण एखादे कास्टिंग दोन वर्षांनी तडकले तरी वाहन कंपनीचा माणूस त्या दिवसाचा अहवाल मागतो आणि तो त्याच दिवशी द्यावा लागतो.

बॅकअपसाठी व्हीम बॅकअप अँड रेप्लिकेशन आहे, आवृत्ती १२.१. ज्या विंडोज सर्व्हरवर ते बसवले आहे तो आमच्याच डोमेनमध्ये आहे. बॅकअपच्या फाइली चार डिस्कच्या एका नॅसवर (नेटवर्कला जोडलेल्या साठवणुकीच्या उपकरणावर), साध्या शेअर फोल्डरमध्ये जातात. याच नॅसवर ड्रॉइंगचीही एक प्रत ठेवलेली आहे. मालक परगावी असताना ती त्यांना पाहता यावी म्हणून राउटरमधून नॅसचे लॉगिन पान बाहेर उघडून दिलेले आहे. ही सगळी मांडणी मी रुजू होण्यापूर्वीची आहे.

गेल्या महिन्यात एका मोठ्या ग्राहकाकडून पुरवठादारांसाठीची सुरक्षा प्रश्नावली आली. त्यात ‘बॅकअप आणि स्टोरेज सॉफ्टवेअरमधील ज्ञात त्रुटी दुरुस्त केल्या आहेत का’ असा थेट प्रश्न आहे. बसवून देणाऱ्या वेंडरला विचारले, तर त्याचे म्हणणे असे की हा सर्व्हर इंटरनेटवर नाही, पुढे फायरवॉल आहे, त्यामुळे घाई करण्यासारखे काही नाही. अपडेट हे वार्षिक करारात बसत नाही आणि दिवाळीच्या बंदमध्ये वेगळे पैसे घेऊन ते करून देऊ.

माझे प्रश्न असे: या त्रुटींपैकी आमच्या मांडणीला खरोखर लागू पडणाऱ्या कोणत्या? दिवाळीपर्यंत थांबता येईल का? आणि बॅकअप सर्व्हर डोमेनमधून बाहेर काढावा असे जे सर्वत्र वाचायला मिळते, त्याने मिळणारे संरक्षण त्या खटाटोपाच्या तोलाचे आहे का?

करवीर_डेटा:

साचेवाला साहेब, तुम्ही व्हीमविषयी विचारले आहे, पण सर्वांत तातडीची गोष्ट तुमच्या प्रश्नात जाता जाता आलेली आहे. नॅसचे लॉगिन पान बाहेर उघडे आहे, ते आजच बंद करा. राउटरमधील पोर्ट फॉरवर्डिंगची नोंद काढाच, शिवाय यूपीएनपी चालू असेल तर तेही बंद करा. नाहीतर तुम्ही हाताने काढलेली नोंद नॅस राउटरला सांगून पुन्हा उघडून घेऊ शकतो. एप्रिल २०२१ मध्ये क्यूनॅपच्या नॅसवर क्यूलॉकर नावाचा हल्ला झाला. त्याचे मूळ बॅकअप घेणाऱ्या त्यांच्याच एका अ‍ॅपमध्ये कायमस्वरूपी कोरून ठेवलेल्या लॉगिनमध्ये होते. हल्लेखोरांनी स्वतःचे असे काही वेगळे हत्यार वापरले नाही. नॅसवर असलेल्या सेव्हन-झिपनेच फाइली पासवर्ड लावून बांधल्या आणि सोडवण्यासाठी ०.०१ बिटकॉइन मागितले. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट आला. त्याने नॅसचे लॉगिन पानच बदलून त्या जागी खंडणीची चिठ्ठी लावली आणि ०.०३ बिटकॉइनची मागणी केली. या दोन्ही वेळी बळी पडलेली उपकरणे प्रामुख्याने इंटरनेटवरून थेट दिसणारी होती. मालकांना ड्रॉइंग पाहायची असतील तर व्हीपीएन (बाहेरून कंपनीच्या नेटवर्कमध्ये येण्याचा सुरक्षित मार्ग) द्या, त्याला मोबाइलवरील कोडची दुसरी पायरी जोडा, आणि तेही बॅकअप जेथे ठेवता त्या नॅसपर्यंत न नेता फाइल सर्व्हरपर्यंतच न्या.

नॅसचे मॉडेल किती जुने आहे तेही पाहा. एप्रिल २०२४ मध्ये डी-लिंकच्या जुन्या नॅस मॉडेलांमध्ये अशीच कोरलेल्या लॉगिनची त्रुटी जाहीर झाली. कंपनीने सांगितले की या मॉडेलांची मुदत संपलेली आहे, दुरुस्ती येणार नाही, ती वापरातून काढा. सेटिंग कितीही चांगले असले तरी अशा उपकरणापुढे दुसरा उपाय उरत नाही.

आता व्हीम. तुमच्या १२.१ आवृत्तीला दोन गोष्टी थेट लागू पडतात.

पहिली सीव्हीई-२०२४-४०७११ (सीव्हीई म्हणजे जाहीर झालेल्या त्रुटीला मिळणारा क्रमांक). ती सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर झाली, तीव्रता १० पैकी ९.८. बिल्ड १२.१.२.१७२ आणि त्याआधीच्या १२ मालिकेतील आवृत्त्यांमध्ये ती आहे आणि १२.२ मध्ये ती दुरुस्त झाली. हिला लॉगिनच लागत नाही. सर्व्हरपर्यंत नेटवर्कने पोहोचता आले की पुरे. सोफॉस या सुरक्षा कंपनीच्या तपास पथकाने ऑक्टोबर २०२४ मध्ये जे सांगितले ते तुमच्या वेंडरला अवश्य वाचायला द्या. अकीरा आणि फॉग या रॅन्समवेअरच्या (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या) टोळ्या आधी दुसऱ्या पायरीचे संरक्षण नसलेल्या व्हीपीएनमधून आत शिरल्या. मग आतून त्यांनी व्हीमच्या ८००० क्रमांकाच्या पोर्टवर ही त्रुटी वापरली, सर्व्हरवर ‘पॉइंट’ नावाचे नवे स्थानिक खाते तयार केले आणि ते अ‍ॅडमिनिस्ट्रेटर गटात घातले. म्हणजे व्हीमचा सर्व्हर त्या ठिकाणीही ‘आतच’ होता. फायरवॉल बाहेरच्याला अडवते. व्हीपीएनचा चोरलेला पासवर्ड घेऊन जो आत आला आहे, तो तिच्या दृष्टीने घरचाच माणूस असतो.

दुसरी सीव्हीई-२०२५-२३१२०, मार्च २०२५, तीव्रता ९.९. तुमच्या डोमेनच्या प्रश्नाचे उत्तर या त्रुटीत आहे, म्हणून ती जरा उकलून सांगतो. व्हीमचे भाग एकमेकांना माहिती पाठवताना मायक्रोसॉफ्टच्या डॉट नेट या प्रणालीतील वस्तू (प्रोग्रॅममधील माहितीचे गठ्ठे) बाइट्समध्ये बदलून पाठवतात आणि पलीकडे त्या पुन्हा उभ्या केल्या जातात. येणाऱ्या बाइट्सवर विश्वास ठेवून वाटेल ती वस्तू उभी करू दिली, तर उभी होता होताच आज्ञा चालवणारी वस्तू कोणीही पाठवू शकतो. यावर व्हीमने धोकादायक वर्गांची एक काळी यादी ठेवली होती. वॉचटॉवर या संशोधन कंपनीने व्हीमच्याच कोडमध्ये त्या यादीत नसलेले दोन वर्ग शोधून काढले. दुरुस्ती म्हणून ते दोनही यादीत टाकले गेले. काळ्या यादीचा हा स्वभावच आहे की जे माहीत आहे तेवढेच ती अडवते, आणि म्हणूनच जून २०२५ मध्ये सीव्हीई-२०२५-२३१२१ ही आणखी एक ९.९ तीव्रतेची त्रुटी डोमेनमधील बॅकअप सर्व्हरसाठीच जाहीर झाली, याचे मला आश्चर्य वाटले नाही. ती १२.३.२ मध्ये दुरुस्त आहे.

या दुसऱ्या प्रकाराला लॉगिन लागते, पण कोणाचे? सर्व्हरच्या स्थानिक युजर्स गटातील कोणाचेही. सर्व्हर डोमेनमध्ये घातला की डोमेनचा प्रत्येक वापरकर्ता आपोआप त्या गटात येतो. तुमच्या डिस्पॅच विभागातील जो कारकून फक्त चलन छापतो, त्याचा पासवर्ड कोणाच्या हाती लागला तर तेवढ्याने बॅकअप सर्व्हरवर हवी ती आज्ञा चालवता येते. तोच सर्व्हर डोमेनबाहेर असेल तर त्यावर मोजून दोन-तीन खाती राहतात आणि हा रस्ता बहुतांशी बंद होतो. तेव्हा होय, खटाटोप करण्यासारखा आहे.

तिथून पुढे काय होते हेही मालकांना सांगावे लागेल. बॅकअप सर्व्हर म्हणजे किल्ल्यांचा जुडगा आहे. त्याच्या डेटाबेसमध्ये व्हीएमवेअर होस्टचा रूट पासवर्ड, डोमेनच्या अ‍ॅडमिनचा पासवर्ड आणि नॅसचा पासवर्ड हे सारे असते. ते कूटबद्ध असते खरे, पण त्या सर्व्हरचा ताबा ज्याच्याकडे आहे त्याला ते उलगडता येते. रॅन्समवेअरचे लोक आधी बॅकअपकडे वळतात ते याचसाठी: एकाच ठिकाणी सगळे पासवर्ड मिळतात आणि परत उभे राहण्याची सोयही तिथेच मोडता येते.

दिवाळीपर्यंत थांबू नका.

उद्यमनगर_७७:

करवीर साहेबांनी लिहिलेले मान्य आहे, फक्त ‘थांबू नका’ या शब्दांनी घाबरून कोणी चालू सर्व्हर सरळ डोमेनमधून काढून टाकू नये म्हणून लिहितो. मी स्वतः अशी कामे करून देतो आणि वेंडर मंडळी सगळीच टाळाटाळ करतात असे नाही. बॅकअपचे अपडेट बिघडले तर त्या रात्रीचा बॅकअप चुकतो आणि बोल आम्हालाच लागतो.

चालू सर्व्हर डोमेनमधून काढला की डोमेनच्या सेवा खात्यावर चालणारे सर्व जॉब लॉगिनच्या चुकीने पडतात, आणि डेटाबेसला विंडोजच्या लॉगिनने जोडणी दिलेली असेल तर कन्सोलही उघडत नाही. त्यापेक्षा नवा सर्व्हर वर्कग्रुपमध्ये, म्हणजे डोमेनबाहेर, उभा करावा, त्यावर नवी आवृत्ती बसवावी आणि जुन्याच्या कॉन्फिगरेशन बॅकअपवरून सर्व जॉब तिथे आणावेत. यात एक खाचखळगा आहे. कॉन्फिगरेशन बॅकअपला एन्क्रिप्शन लावलेले नसेल तर त्यात साठवलेले पासवर्ड येतच नाहीत, आणि मग प्रत्येक होस्टचा आणि प्रत्येक सर्व्हरचा पासवर्ड पुन्हा भरत बसावे लागते. आणखी एक गोष्ट अशी की हा कॉन्फिगरेशन बॅकअप मुळात त्याच सर्व्हरवरील फोल्डरमध्ये जातो. सर्व्हर गेला तर तोही जातो. आधी त्याची जागा बदला, एन्क्रिप्शन लावा, मग पुढचे पाऊल टाका.

नवा सर्व्हर येईपर्यंत १२.३.२ किंवा त्यानंतरचे जे अपडेट उपलब्ध असेल ते जुन्यावरच चढवून घ्या. पैशांच्या बाबतीत एवढे तपासा की वेंडरचा वार्षिक करार आणि व्हीमच्या परवान्याची सपोर्ट मुदत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परवान्याची मुदत चालू असेल तर नवी आवृत्ती तुम्हाला कंपनीकडून मिळते. वेंडर मागतो ते फक्त बसवण्याच्या मजुरीचे पैसे.

साचेवाला:

दोघांचेही मनापासून आभार. नॅसचे पान काल संध्याकाळीच बंद केले. राउटरमध्ये यूपीएनपी चालू होते आणि त्यातून नॅसने आणखी दोन पोर्ट उघडून घेतलेले आढळले, तेही काढले. बॅकअप सर्व्हरवरील स्थानिक खाती पाहिली; अनोळखी असे काही सापडले नाही. परवान्याची मुदत मार्चपर्यंत आहे, त्यामुळे अपडेट मीच करणार आहे.

आता आणखी दोन शंका आहेत. वेंडरचे नवे म्हणणे असे की नॅसवर स्नॅपशॉट (फाइलींची त्या त्या वेळची जपलेली स्थिती) चालू आहेत, तेव्हा कोणी फाइली पुसल्या तरी आदल्या दिवसाच्या परत आणता येतील. हे कितपत धरून चालावे? दुसरी शंका म्हणजे, त्रुटींच्या याद्या वाचायला बसलो तर दर आठवड्याला डझनभर नवी नावे येतात आणि आमच्याकडे माणूस एकच आहे. कोणती बाजूला ठेवायची हे कसे ठरवावे?

करवीर_डेटा:

स्नॅपशॉट चुकून पुसलेल्या फाइलीसाठी उत्तम आहेत. मुद्दाम पुसणाऱ्यासमोर त्यांचा उपयोग नॅसचा अ‍ॅडमिन पासवर्ड कोणाला माहीत आहे यावर ठरतो, कारण अ‍ॅडमिनला स्नॅपशॉटही पुसता येतात. शेअर फोल्डर जोडण्यासाठी व्हीममध्ये नॅसचे अ‍ॅडमिन खातेच भरलेले असेल (घाईत बसवलेल्या ठिकाणी मी हे बऱ्याचदा पाहतो), तर व्हीम पडले की स्नॅपशॉटही पडले असे समजा. त्यासाठी नॅसवर फक्त त्या फोल्डरपुरते अधिकार असलेले वेगळे खाते करा.

खरी मजबुती हवी असेल तर जुना एखादा डेस्कटॉप नव्हे, पण पुरेशा डिस्कचा एक साधा सर्व्हर घेऊन त्यावर लिनक्स बसवा आणि व्हीमची हार्डन्ड रिपॉझिटरी करा. ही सोय आवृत्ती ११ पासून आहे. तिच्यात बॅकअपच्या फाइलींवर न बदलण्याची खूण लावली जाते. ठरवलेली मुदत, जी किमान ७ दिवसांची असते, संपेपर्यंत व्हीमच्या अ‍ॅडमिनलाही ती फाइल पुसता येत नाही, आणि लिनक्सचा पासवर्ड व्हीममध्ये साठवलेला राहत नाही. मुदत तीस दिवसांच्या आसपास ठेवावी असे माझे मत आहे, कारण हल्लेखोर आत येऊन काही आठवडे नुसते पाहत बसू शकतात.

पण ही रिपॉझिटरी तुमच्याच व्हीएमवेअर होस्टवर व्हर्च्युअल सर्व्हर म्हणून मुळीच करू नका. होस्टचा ताबा ज्याच्याकडे गेला तो अख्खी व्हर्च्युअल डिस्क पुसेल. आतल्या खुणेला कोण विचारतो? फेब्रुवारी २०२३ मध्ये ईएसएक्सआयआर्ग्स नावाच्या रॅन्समवेअरने जगभरातील इंटरनेटवर उघडे असलेले व्हीएमवेअर होस्ट एन्क्रिप्ट केले. ज्या त्रुटीशी तो हल्ला जोडला गेला, सीव्हीई-२०२१-२१९७४, तिची दुरुस्ती जवळपास दोन वर्षे आधी, फेब्रुवारी २०२१ मध्ये आलेली होती. तसेच त्या लिनक्स सर्व्हरचे दूरस्थ व्यवस्थापन पोर्ट, म्हणजे आयड्रॅक किंवा आयएलओ जे असेल ते, नेटवर्कला जोडूच नका. तिथून सर्व्हर दुसऱ्या डिस्कवरून सुरू करून फॉरमॅट मारता येतो, आणि घड्याळ पुढे ढकलून मुदत संपवताही येते. तुमचा सर्व्हर चार पावलांवरच्या खोलीत आहे, चालत जा.

याद्यांबद्दल सांगायचे तर तीव्रतेच्या आकड्यावर एकट्यावर जाऊ नका. मार्च २०२३ मधील सीव्हीई-२०२३-२७५३२ या व्हीमच्याच त्रुटीला ७.५ एवढेच गुण होते. ९४०१ क्रमांकाच्या पोर्टवरून लॉगिनशिवाय साठवलेले पासवर्ड मागून घेता येत होते, एवढीच ती होती. तरीही क्यूबा या रॅन्समवेअर टोळीने ती वापरली, कारण तिला ज्या गोष्टीची गरज होती ती नेमकी इथे मिळत होती. मी दोन प्रश्न विचारतो: ही त्रुटी प्रत्यक्ष हल्ल्यात वापरली गेली आहे का, आणि ज्या उपकरणात ती आहे तिथे इतरांचे पासवर्ड किंवा एकमेव प्रती आहेत का. पहिल्याचे उत्तर अमेरिकेच्या सिसा या सरकारी संस्थेच्या ‘वापरल्या गेलेल्या त्रुटीं’च्या यादीत मिळते. ती नोव्हेंबर २०२१ पासून चालू आहे, सर्वांना खुली आहे आणि इतर याद्यांच्या मानाने आखूड आहे. दुसऱ्याचे उत्तर तुमच्याच कागदावर असते: तुमच्याकडे अशी उपकरणे बॅकअप सर्व्हर, नॅस, दोन होस्ट आणि डोमेन कंट्रोलर एवढीच. एवढ्यांच्या सूचना वाचल्या आणि प्रिंटरच्या ड्रायव्हरची त्रुटी पुढच्या महिन्यावर ढकलली तर एका माणसाला हे झेपते.

रंकाळा_लॉग:

मी सहकारी बँकांच्या तपासणीचे काम करतो, त्यामुळे राहिलेल्या दोन बाजूंविषयी लिहितो.

एक कायद्याची. बँकांना रिझर्व्ह बँकेची चौकट आहे. नागरी सहकारी बँकांसाठी ३१ डिसेंबर २०१९ चे श्रेणीनिहाय परिपत्रक आहे. फाउंड्रीला ते लागू नाही, पण सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश कंपन्यांना लागू आहेत. घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावे लागते आणि प्रणालींचे लॉग १८० दिवस जपावे लागतात. व्हीम, नॅस आणि व्हीपीएन यांचे लॉग त्या त्या उपकरणावरच ठेवले तर हल्लेखोर ते सोबत पुसून जातो. ते एका वेगळ्या छोट्या यंत्रावर पाठवा. ग्राहकाच्या प्रश्नावलीतही हा रकाना असतोच. ‘आपल्यासारख्या लहान ठिकाणी कोण येतो’ असे मालक म्हणाले तर जुलै २०२४ ची घटना सांगा. सी-एज या एका सेवा पुरवठादाराच्या प्रणालीवरील रॅन्समवेअर हल्ल्यामुळे देशभरातील सुमारे ३०० लहान सहकारी आणि ग्रामीण बँकांचे व्यवहार खंडित झाले होते. त्यांतील बहुतेकांचे नाव जिल्ह्याबाहेर कोणी ऐकलेले नसेल.

दुसरी बाजू पाण्याची. तुम्ही पंचगंगेच्या पलीकडे आहात. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि बंद राहिला, हे आपल्याला नव्याने सांगायला नको. एक प्रत कंपनीबाहेर ठेवायचीच आहे, तर ती कोल्हापूर शहरात, राजारामपुरीसारख्या उंचावरच्या भागात ठेवा. शाहूपुरी, लक्ष्मीपुरीतील तळमजल्याच्या कार्यालयात नको. आठवड्यातून एकदा एन्क्रिप्ट केलेली डिस्क काढून नेली तरी चालेल. जी डिस्क कशालाच जोडलेली नाही तिच्यावर कोणतीही त्रुटी चालत नाही. तिचा पासवर्ड मात्र बॅकअप सर्व्हरवरील फाइलीत न ठेवता कागदावर लिहून मालकांच्या तिजोरीत ठेवा.

अपडेट झाल्यावर जॉब हिरवा दिसतो म्हणून काम संपले असे धरू नका. स्पेक्ट्रोमीटरचा डेटाबेस त्या बाहेरच्या डिस्कवरून, नेटवर्क न जोडलेल्या वेगळ्या यंत्रावर उभा करा, दोन वर्षांपूर्वीचा एक हीट क्रमांक टाका आणि अहवाल छापून प्रयोगशाळेतील फाइलशी ताडून पाहा. प्रश्नावलीतील त्या प्रश्नाच्या उत्तराला तीच प्रत तारखेसह जोडा. ग्राहकाच्या तपासनीसाला अपडेटच्या स्क्रीनशॉटपेक्षा ती अधिक पटते, असा माझा अनुभव आहे.